सकाळी फोन चपलांच्या कपाटावर

सकाळी उठल्यावर फोन हातात घ्यायचा नाही, हे ठरवायला आम्हा दोघांना एक संध्याकाळ पुरली. ते अंगवळणी पडायला पावसाळा, चवथ, दिवाळी आणि त्यामागून थंडी असा मोठा पल्ला लागला. या काळात जे कळत गेलं ते नीट लिहून काढावं असं बरेच दिवस मनात आहे. या विषयावर वाचायला मिळतं ते बहुतेक एकाच वळणाचं असतं: ध्यान करा, वही लिहा, कोमट पाणी प्या. डबा कोण करणार, ते त्यात कुठेच नसतं.

आम्ही फोंड्याला राहतो. मी एका हायस्कुलात मराठी शिकवते. गोव्यातल्या बहुतेक शाळा सकाळच्या, त्यामुळे पावणेआठच्या आत मला शाळेत असावं लागतं. नवरा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत मेंटेनन्सला आहे. माझं माहेर सावंतवाडी. त्याचं घर फोंडा तालुक्यातच, कुळागरं, म्हणजे सुपारी-माडांच्या बागा, असलेल्या गावात. सासूबाई तिथे एकट्याच राहतात. घरी तो आईशी कोकणीत बोलतो, माझ्याशी मराठीत, आणि घाईत असला की दोन्हींत.

पूर्वीची सकाळ अशी होती. साडेपाचला फोनवर गजर व्हायचा. तो बंद करायला हात गेला की बोट तिथून पुढे सरकायचंच. माझ्याकडे पालकांचा ग्रुप, शिक्षकांचा ग्रुप, माहेरचा ग्रुप. त्याच्याकडे कंपनीचा, रात्रपाळीत कुठला पंप बसला, कुठला व्हॉल्व्ह गळतोय, त्याचे फोटो. तो अंथरुणात असतानाच कंपनीत पोचलेला असायचा. आमची भांडणं होत नव्हती. बोलणंच होत नव्हतं. ‘डबा घेतलास?’, ‘किल्ली कुठाय?’, ‘गॅसवाल्याला फोन कर’ एवढ्यात सकाळ संपायची. संध्याकाळी दोघंही दमलेले. एकमेकांसाठी जागं असण्याची वेळ दिवसात उरलीच नव्हती, आणि मला ते टोचत होतं.

त्याच्यापाशी विषय काढला तेव्हा त्याने त्याच्या धंद्यातली गोष्ट सांगितली. एखादं यंत्र बंद ठेवायचं असेल तर आधी त्यावर काय काय चालतं ते बघावं लागतं, नाहीतर तासाभरात कोणीतरी येऊन ते पुन्हा चालू करतं. मग आम्ही कागद घेतला आणि सकाळी सातच्या आत फोन आपल्यासाठी काय काय करतो ते लिहिलं. गजर. वेळ बघणं. पाऊस किती पडणार. शाळेला सुट्टी आहे का. पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, पैसे. आज एकादशी की चतुर्थी. कंपनीची बस कुठवर आली. बातम्या. देवाची गाणी. माझ्या आईला ‘उठलीस का’ विचारणं. कागद भरला. या सगळ्याची सोय न करता फोन नुसता लांब ठेवला असता तर दोन दिवसांत तो परत उशाशी आला असता, याची मला खात्री आहे.

गजराची सोय सगळ्यात सोपी. बाजारातून घड्याळ आणलं, सेलवर चालणारं. पहिल्या घड्याळाची टिकटिक त्याला झोपू देईना, ते हॉलमध्ये गेलं आणि आवाज न करणारं दुसरं आणलं. पंचांगासाठी भिंतीवर कॅलेंडर होतंच, फक्त ते बेडरूमच्या दारामागून स्वयंपाकघरात आलं. बातम्यांसाठी मराठी पेपर पुन्हा सुरू केला. तो येतो साडेसहाच्या पुढे, त्यामुळे सकाळी मथळेच वाचून होतात. खरं वाचन दुपारी. मला ते पुरतं.

पोदेराची गोष्ट वेगळी. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: आमच्याकडे पाव दारावर येतो. सायकलच्या मागे वेताची टोपली, वर जाड कापड किंवा प्लॅस्टिक, आणि हँडलला रबरी भोंगा. सहाच्या सुमारास तो पों पों ऐकू आला की बायका-पुरुष पिशव्या घेऊन खाली उतरतात. उंडे, पोळी, काटरे, कांकणां, ज्याला जे हवं ते. पूर्वी पिठाला माडाची सूर घालून आंबवत, आता बहुतेक ठिकाणी यीस्ट. आमचा पोदेर क्यूआर कोडही घेऊन फिरतो, आणि आमची पंचाईत तिथेच झाली. पावाचे पैसे द्यायला फोन उघडला की त्यातच दहा मिनिटं जायची. म्हणून दाराजवळ एक डबा ठेवला, सुट्ट्या पैशांचा. आठवड्यातून एकदा बाजारातून येताना सुट्टे आणायचे आणि त्यात टाकायचे. या एका डब्याने जेवढं काम केलं तेवढं कुठल्याही निर्धाराने केलं नाही.

सुट्टीच्या निरोपाला मात्र मी खरोखर अडले. जुलैत इथे पाऊस कोसळायला लागला की शाळांना सुट्टी जाहीर होते, कधी आदल्या रात्री, तर कधी अगदी सकाळी. तो निरोप येतो ग्रुपवर. माझ्या विषयाच्या दुसऱ्या बाई जवळच राहतात. त्यांना मी विनंती केली, सुट्टी असली तर एक मिस्ड कॉल द्या. त्यांनी आनंदाने मानलं. त्यानेही त्याच्या सुपरवायझरला सांगितलं की तातडीचं काही असेल तर मेसेज नको, फोन करा, मी उचलीन. यातून आमचा नियम तयार झाला आणि तो आजही तसाच आहे: आवाज चालेल, पडदा नको, म्हणजे स्क्रीनकडे बघायचं नाही. फोन बंद करायचा नाही. रात्री दहाला तो हॉलमध्ये, चपलांच्या कपाटावर चार्जिंगला लावायचा, रिंग मोठी ठेवायची. वाजला तर उभ्यानेच बोलायचं आणि परत तिथेच ठेवायचा. सावंतवाडीहून आई फोन करते तेव्हा मी तिच्याशी तिथे उभी राहूनच बोलते. तिला काळजी वाटली असती तर हा सगळा खटाटोप मी सोडून दिला असता.

मग लक्षात आलं की त्याच्या मनगटावर एक पडदा आहेच. स्मार्ट घड्याळ. फोन हॉलमध्ये, पण मेसेज आला की मनगट थरथरतं आणि चहाचा कप हातात असताना त्याची नजर खाली जाते. मी काही बोलले नाही. एके सकाळी त्यानेच ते काढून फोनशेजारी ठेवलं आणि वडिलांचं जुनं एचएमटी कपाटातून काढून दुरुस्तीला दिलं. आता दिवसभर तेच वापरतो.

इथपर्यंत सगळं छान वाटत होतं. पण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मला राग यायला लागला आणि कशाचा ते कळेना. पडदे नव्हते. तो गॅलरीत खुर्ची टाकून चहा घेत बसायचा, समोरच्या माडांकडे बघत. म्हणायचा, किती शांत वाटतं. आणि मी आत कणीक मळत असायचे. पूर्वी मी स्वयंपाकघरात आणि तो फोनमध्ये, म्हणजे दोघंही कशात तरी गुंतलेले. फोन गेल्यावर त्याचा वेळ रिकामा झाला, माझा तसाच भरलेला राहिला. आधीही तसंच होतं, फक्त ते आम्हा दोघांपासून लपलेलं होतं.

मी सरळ सांगितलं, ‘अरे, तुझी सकाळ शांत झाली. माझी नाही झाली.’

तो गप्प झाला. त्याला गप्प राहून विचार करायची सवय आहे, ती मला आवडते. रात्री त्याने दुसरा कागद काढला. साडेपाचपासून दोघं घराबाहेर पडेपर्यंत घरात काय काय होतं, ते मी सांगायचं आणि त्याने लिहायचं. दूध आणणं, तापवणं. चहा. पाणी भरणं. तुळशीला पाणी, दिवा. नारळ किसणं. भाजी. चपात्या. दोन डबे. पाव. अंथरुणं. कपडे वाळत घालणं, आणि पावसाळ्यात ते आत घेणं. लिहिता लिहिता त्याचा हात मंद झाला. इतकं असतं हे त्याला माहीत नव्हतं असं नाही, पण ओळीखाली ओळ कधी पाहिलेलं नव्हतं.

वाटणी आम्ही त्या रात्रीच केली. दूध, पाव, अंथरुणं, दोन्ही डबे भरणं त्याच्याकडे. नारळही त्याच्याकडे. आदोळीवर बसून नारळ किसायचं काम लहानपणी आईच्या शेजारी बसून तो करायचा, त्यामुळे हात चांगला बसलाय, माझ्यापेक्षा बारीक किसतो. चपात्या आणि भाजी माझ्याकडे. दिवा ज्याची आंघोळ आधी होईल त्याचा. आणि जे सकाळीच व्हायला हवं असं नाही ते रात्रीवर ढकललं: भाजी चिरून ठेवणं, कणीक मळून फ्रिजमध्ये, कडधान्य भिजत घालणं, कपड्यांना इस्त्री. सकाळ शांत हवी तर रात्रीच्या जेवणानंतरची पाऊण तास मेहनत दोघांनी मिळून करावी लागते. याला दुसरा मार्ग आम्हाला सापडला नाही. आठवड्यातून दोनदा आम्ही सकाळी भाजी करतच नाही, पावाबरोबर चण्याची पातळ भाजी खातो. ती आदल्या दिवशीची जास्त चांगली लागते.

दुसरा प्रश्न बोलण्याचा. मी उठल्या उठल्या बोलणारी बाई आहे. त्याला पहिला अर्धा तास शब्द नको असतात. पडदा गेल्यावर मी तो सगळा वेळ बोलून भरून टाकायला लागले, कारण मला वाटलं याचसाठी तर हे केलं. त्याचा चेहरा आक्रसायचा. मग पोदेर आमच्या मदतीला आला. ठरलं असं की भोंगा ऐकू येईपर्यंत बोलायचं नाही, लागलं तर कामापुरतं. भोंगा वाजला, तो खाली जाऊन पाव घेऊन आला, की गॅलरीत बसायचं आणि मग काय हवं ते बोलायचं. पैशांचा आणि कंपनी-शाळेचा विषय तेवढा संध्याकाळी. मला हे आधी अवघड गेलं. पण त्या अर्ध्या तासात कान उघडतात. माडावरचा भारद्वाज घुमतो तो मी पूर्वी कधी ऐकलाच नव्हता असं नाही, तरी आता तो कुठल्या माडावर आहे ते मला कळतं. कधी धनेश येतात, जोडीने. तेव्हा मात्र नियम मोडून ‘बघ, बघ’ म्हणते, आणि तो बघतो.

या ‘बघ, बघ’ला मी मोल देते. जॉन गॉटमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने नवविवाहित जोडप्यांचं निरीक्षण केलं आणि सहा वर्षांनी त्यांचं काय झालं ते पाहिलं. एकाने सहज काढलेल्या बारीकसारीक बोलण्याला दुसरा प्रतिसाद देतो का, हे मोजलं होतं. जी जोडपी टिकली त्यांत हा प्रतिसाद शंभरातून ८६ वेळा होता, जी विभक्त झाली त्यांत ३३ वेळा. बी.एड.च्या दिवसांपासून मानसशास्त्राचं वाचन थोडं होतं म्हणून हे माझ्या हाती लागलं. वाचलं तेव्हा मला आमच्या जुन्या सकाळी आठवल्या. त्यात प्रतिसाद न देण्यात कुणाचा राग नव्हता, दुष्टावा नव्हता. मान खाली होती, एवढंच.

किती दिवसांत सवय लागते, हेही मी शोधलं होतं. एकवीस दिवस असं सगळीकडे सांगतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ९६ जणांवर झालेल्या अभ्यासात ते सरासरी ६६ दिवस निघालं, आणि कुणाला १८ तर कुणाला २५४. हा आकडा मी फ्रिजवर लावून ठेवला होता, एकवीस दिवसांनंतर दोघांपैकी कुणी निराश होऊ नये म्हणून. त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट आम्हाला धीर देऊन गेली: एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्याचं काम फारसं मागे जात नाही. चवथीला गावी होतो तेव्हा सगळंच विस्कटलं. माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची चौकट) बांधणं, पाहुणे, फोटो, आरत्यांचे व्हिडिओ. परत आलो आणि दुसऱ्या दिवशी फोन कपाटावर गेले. त्यावर चर्चा झाली नाही.

थंडीत वेगळी अडचण आली. जूनच्या सुरुवातीला इथे सहा वाजून गेले की लगेच सूर्य उगवतो, जानेवारीच्या मध्याला जवळजवळ सात वाजतात. गॅलरीतला आमचा चहा अंधारात व्हायला लागला. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी समजावलं की उजेडाला सवयीपेक्षा मोठं काम असतं. डोळ्यांवर सकाळचा उजेड पडला की शरीरातलं घड्याळ त्या दिवसापुरतं लागतं आणि रात्रीची झोप वेळेवर येते. घरातल्या दिव्याचा उजेड शंभर ते पाचशे लक्सच्या घरात. बाहेर आभाळ भरलेलं असलं तरी चांगलं उजाडल्यावर तो हजारांत असतो. शरीराचं हे घड्याळ पेशींमध्ये कसं चालतं ते उलगडणाऱ्या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं, तेही त्यांनीच सांगितलं. म्हणून डिसेंबर-जानेवारीत मी स्कूटर घरी ठेवते आणि शाळेत चालत जाते. तो बसच्या थांब्यापर्यंत माझ्याबरोबर येतो. वीस मिनिटं दोघांची, हातात फक्त डबे.

रविवारी आम्ही नागेशीला जातो, देवळाच्या तळीपाशी बसायला. वर्षानुवर्षं जात होतो. आवारातला १४१३ सालचा शिलालेख मात्र मी गेल्या हिवाळ्यातच थांबून न्याहाळला. विजयनगरच्या काळातला, देवासाठी दिलेल्या जमिनीचा. मराठी शिकवणाऱ्या बाईला त्याच्यापाशी किती वेळ उभं राहावंसं वाटतं हे वेगळं सांगायला नको. तोही न कंटाळता थांबला, आणि दगडावर छिन्नी कशी धरली असेल याबद्दल त्याचा एक अंदाज होता.

या सकाळींतून आमच्या घरातला सगळ्यात मोठा विषय बाहेर आला, तो सासूबाईंचा. एके दिवशी, भोंग्यानंतर, पाव चहात बुडवता बुडवता तो म्हणाला की आईला आता कुळागर झेपत नाही. सुपारी पाडायला माणूस मिळत नाही, मिळाला तर दिवस सांगेल तेव्हा येत नाही. पाटाचं पाणी वळवायला ती स्वतः उतरते आणि तिचा गुडघा दुखतो, पण सांगत नाही. हे त्याच्या मनात दोन वर्षं होतं. दोन वर्षं! आम्ही एकाच घरात राहत होतो. त्या सकाळी तो एवढंच बोलला आणि डबा घेऊन गेला. पुढचं दुसऱ्या दिवशी, त्यापुढचं परवा. एका बैठकीत हे बोलणं झालंच नसतं. रात्री काढलं असतं तर दमल्यापोटी त्याचं भांडण झालं असतं. सकाळी थोडं थोडं निघालं. कुळागर विकायचं नाही, शेजारच्या चुलत दिरांना अर्धलीने, म्हणजे अर्ध्या वाट्यावर, द्यायचं, आणि पावसाळ्याचे चार महिने आईंनी आमच्याकडे यायचं, इथवर आम्ही पोचलो. त्यांनीही मान्य केलंय, चवथीला गावी परत जायच्या अटीवर.

आता त्या येतील तेव्हा सकाळ पुन्हा नव्याने मांडावी लागेल. त्या पाचला उठतात. त्यांच्याकडेही स्मार्टफोन आहे, नातवंडांचे फोटो बघायला पुतण्याने दिलेला, आणि त्यावर त्या पहाटे भजनं लावतात, मोठ्या आवाजात. गावी ते घरभर घुमतं तेव्हा छान वाटतं, फ्लॅटमध्ये काय होईल सांगता येत नाही. आमचा नियम त्यांना सांगायचा नाही हे आम्ही ठरवलंय. एकटीच्या घरात तो आवाज त्यांना सोबत देतो, त्याच्यावर बोट ठेवायचा आम्हाला अधिकार नाही. त्याने माळ्यावरचा रेडिओ खाली काढलाय. पणजी केंद्र नीट लागतंय, बाहेरची तार तेवढी बदलायची आहे. तो त्यांच्या खोलीत ठेवायचा, त्यांना हवा तर त्या लावतील. आणि नारळ किसायचं काम त्यांना परत हवं असेल, असं त्याचं म्हणणं आहे. तसं झालं तर त्याच्याकडे चपात्या येतील. गेल्या रविवारपासून तो लाटायला शिकतोय.